रीम, दस्ता आणि उधारी

संस्थेचा इतिहास लिहायला बसणाऱ्याच्या हाताशी सहसा इतिवृत्ते असतात, ठराव असतात, माजी अध्यक्षांच्या तसबिरी असतात. कागदाच्या दुकानाकडे यांतले काही नसते. त्याच्याकडे असते खतावणी. आप्पा बळवंत चौकापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या या पेढीने आपल्या जुन्या खतावण्या माळ्यावर कापडात बांधून ठेवल्या, वाळवीपासून राखल्या आणि अमृतमहोत्सवाच्या या स्मरणिकेसाठी माझ्यापुढे आणून ठेवल्या. अट एकच घातली, की नाव कोणाचेही येता कामा नये. ना घरातल्यांचे, ना गिऱ्हाइकांचे. घरातल्यांची अडचण नाही. पेठांतले आम्ही सगळे मुद्रक पेढी सांभाळणाऱ्या दोघा भावांना पहिल्यापासून थोरले आणि धाकटे म्हणूनच ओळखत आलो. पुण्याला पेशव्यांमुळे तशी सवय आहेच. गिऱ्हाइकांच्या बाबतीत मात्र अट जड जाते. कोणाची बाकी किती वर्षे राहिली हे त्या वह्यांत वाचत गेले, की मराठी ग्रंथव्यवहाराचा एक निराळाच इतिहास पुढे येतो. माझा छापखाना बंद होऊन बराच काळ लोटला, पण माझ्याही नावाचे पान त्या खतावण्यांत आहे. तेव्हा मी तटस्थ आहे असे कोणी समजू नये.

पुण्याच्या परिसरात कागद काही साहेबाबरोबर आला नाही. पेशवे दफ्तरातले रुमाल आजही सोडून वाचता येतात, याचे श्रेय जुन्या कागद्यांच्या कारागिरीला आहे. जुन्नर आणि दौलताबादजवळचे कागजीपुरा ही त्यांची गावे. चिंध्या आणि जुने दोर कुटून, चुन्यात मुरवून, ताव उचलून, खळ लावून ते गारगोटीने घोटायचे, अशी ती रीत. छापखान्याच्या भुकेला हा माल पुरणारा नव्हता. १८८५ साली स्थापन झालेल्या डेक्कन पेपर मिलने मुंढव्याला यंत्राचा कागद काढला, तरी बरा पांढरा कागद बंगालमधल्या टिटाघरहून नाहीतर थेट युरोपातून येई. १९२५ च्या कायद्याने बांबूपासून कागद करणाऱ्या देशी गिरण्यांना संरक्षण मिळाले आणि त्या जरा सावरल्या. वर्तमानपत्री कागद मात्र १९५५ साली नेपानगरची गिरणी सुरू होईपर्यंत परदेशीच होता.

पेढीचे संस्थापक युद्धाच्या काळात शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात कारकून होते. १९३९ नंतर नॉर्वे-स्वीडनकडून येणारा माल आटला. १९४२ पासून तर देशी गिरण्यांच्या उत्पादनाचा मोठा हिस्सा सरकारने स्वतःसाठी राखून ठेवला आणि उरलेल्यावर नियंत्रण आले. वर्तमानपत्रांची पाने घटली. प्रकाशक जुन्या पुस्तकांच्या आवृत्त्या पुढे ढकलू लागले. त्याआधी छापखान्यात कटिंगच्या पट्ट्या पोत्यात जात आणि पोते रद्दीवाल्याकडे. संस्थापकांनी त्या पट्ट्या मालकांकडून वजनावर मागून घेतल्या. घरी त्यांच्या पत्नी आणि वाड्यातल्या दोघीतिघी त्या निवडायच्या. हातभर लांबीच्या वेगळ्या, वीतभराच्या वेगळ्या. मैद्याची खळ शिजवताना तीत चिमूटभर मोरचूद टाकायचा, म्हणजे कीड लागत नाही. कडेला खळ आणि तिच्यावर कापडाची पट्टी, की झाली टिपणवही. वाण्यांना, दूधवाल्यांना, दवाखान्यांना ती चालायची. दुसरे काही मिळतच नव्हते.

स्मरणिकेच्या संपादकांनी मला संस्थापकांच्या दूरदृष्टीवर दोन परिच्छेद लिहायला सुचवले होते. दूरदृष्टीचा पुरावा मला सापडला नाही. काटकसरीचा मात्र पानोपानी सापडला. आणि हेही दिसले, की जिच्या खळीच्या पातेल्यातून पहिले भांडवल उभे राहिले, तिचे नाव भागीदारीच्या कागदावर कधी चढले नाही. त्या काळी कोणाच्याच घरात चढत नसे, असे उत्तर मला मिळाले. ते खरेही आहे. म्हणून येथे नोंदवतो एवढेच.

दुकानाची पाटी लागली ती स्वातंत्र्यानंतर, एका वाड्याच्या जिन्याखाली. अमृतमहोत्सव त्या पाटीपासून मोजला आहे. धंदा त्याआधीच उभा होता. जिन्याखालच्या जागेत उभे राहिले की डोके फळीला लागे, पण ती जागा कोरडी होती. कागदवाल्याला उजेड कमी असला तरी चालतो, ओल चालत नाही.

त्या वेळचे रीम ४८० तावांचे होते. २४ तावांचा दस्ता, असे २० दस्ते. वजन पौंडांत. शाळामास्तर दस्त्याने फुलस्केप नेत, छापखाने रीमने डबल क्राउन नाहीतर डबल डेमी उचलत. पुढे दशमान मापे आली, रीम ५०० तावांचे झाले, पौंड जाऊन जीएसएम आले, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. पण तावाची लांबी-रुंदी इंचांतच राहिली आणि बाजारात ती आजही इंचांतच बोलली जाते. हा संकर चालवण्यासाठी सगळ्या कागदबाजाराने एक आकडा पाठ केला आहे, ३१००. लांबी गुणिले रुंदी गुणिले जीएसएम, भागिले ३१००, म्हणजे रीमचे किलो. २३ बाय ३६ चा ६० जीएसएमचा कागद घ्या. गुणाकार ४९,६८० होतो, भागाकार १६ किलोंच्या जरासा वर. गिरणीच्या वेष्टनावर १६ लिहिलेले असून काट्यावर साडेपंधराच भरले, तर एक तर कागद पातळ आहे किंवा ताव कमी आहेत. थोरले हा हिशेब तोंडी करीत आणि मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याला ट्रंककॉलवर लगेच ऐकवीत. धाकटे आधी काटा काढत. दोघांचे उत्तर बहुधा एकच येई, पण थोरल्यांच्या ऐकवण्याने एक-दोन व्यापारी कायमचे दुखावले गेले, हे खतावणीत त्यांची खाती अचानक थांबलेली दिसतात त्यावरून कळते.

कागद ओळखण्याची विद्या त्यांनी कोणाला शिकवली नाही. आम्ही पाहून शिकलो. ताव कोपऱ्याला धरून हलवायचा आणि आवाज ऐकायचा. उजेडापुढे धरून लगदा एकसारखा बसला आहे की ढगाळ आहे ते बघायचे. मग एक चौकोनी तुकडा घेऊन त्याची एक बाजू ओलसर करायची. तुकडा ज्या दिशेने नळीसारखा वळतो, त्या नळीच्या लांबीत कागदाचा ग्रेन. पुस्तकात ग्रेन पाठकण्याला समांतर नसेल तर पान ताठ उभे राहते आणि पुस्तक हातात उघडे ठेवायला जोर करावा लागतो. मराठीतल्या कित्येक चांगल्या पुस्तकांच्या वाट्याला हा ताठरपणा आला आहे. दोष लेखकाचा नव्हता. आडवा कागद दोन पैशांनी स्वस्त पडत होता आणि आम्ही मुद्रक तो घेत होतो.

१२ जुलै १९६१ ची खतावणी मात्र नाही. त्या दिवशी सकाळी पानशेतचे धरण फुटले, लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण गेले आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. दुकानात दोन-चार दिवसांच्या विक्रीपुरताच माल असे. साठा सगळा नारायण पेठेत नदीच्या बाजूला घेतलेल्या वखारीत. आणि तो जुलै महिना होता. दिवाळी अंकांचा कागद भाव चढायच्या आत उचलून ठेवायचा, हा धंद्याचा नेम. वखार त्या वेळी जेवढी भरलेली होती तेवढी वर्षात कधी नसते.

पाण्याने कागद वाहून जातो असे लोकांना वाटते. तो जात नाही, फुगतो. रीम पाणी पिते, वेष्टन फाटते, सुतळी तुटते आणि थप्पी सगळ्या बाजूंनी बाहेर रेटू लागते. वखारीची एक आडभिंत पाण्याने नव्हे, आतल्या कागदाने ढकलली होती. पाणी ओसरल्यावर चिखल उपसून आत गेले, तेव्हा प्रत्येक जातीचा कागद आपापल्या स्वभावाप्रमाणे मेलेला होता. स्ट्रॉबोर्डाचा पुन्हा लगदा झाला होता. क्रीमवोव्ह फुगून पिवळे पडले होते, पण सुटे होत होते. सर्वांत महाग तो आर्ट पेपर, आणि तोच सर्वांत वाईट गेला. त्याच्यावरचा मातीचा गुळगुळीत थर ओला होऊन ताव एकमेकांना चिकटले आणि वाळल्यावर रीमची वीट झाली. चौथ्या दिवशी बुरशी धरली. वाड्याची गच्ची, आजूबाजूच्या ओळखीच्यांचे सोपे, जिथे जागा मिळेल तिथे कागद पसरला गेला. त्यातून जे वाचले त्याच्या पुढे कित्येक वर्षे रफ वह्या होत राहिल्या. बाकीचे गाडे भरून गिरणीला, लगद्यासाठी.

विम्यात आग होती, पूर नव्हता. संस्थापक या धक्क्यानंतर फारसे दुकानात बसले नाहीत. थोरल्यांनी आणि धाकट्यांनी दुकान हाती घेतले ते या स्थितीत. मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्यांनी मुदत वाढवून दिली. व्याज माफ केले नाही, मुदत दिली. इकडे छापखान्यांची दशा आणखी वाईट. केसींमधले खिळे चिखलात कालवले गेले होते. साबणाच्या पाण्यात धुऊन, अक्षर अक्षर निवडून ते परत लावण्यात महिने गेले. अशा छापखान्यांकडे जुनी बाकी मागायची की नवा कागद द्यायचा, हा प्रश्न होता. भावांनी कागद दिला. यात औदार्य किती आणि हिशेब किती, हे मी आजही सांगणार नाही. छापखाने बसले असते तर जुनी बाकी तशीही बुडालीच असती. पण नवा कागद देण्याचे धाडस त्या वर्षी अनेकांनी केले नाही, यांनी केले, आणि पुढची पंचवीस वर्षे पेठांतले छापखाने या दुकानाला बांधले गेले ते यामुळे.

ही बांधिलकी म्हणजेच उधारी. मला या लेखात खरे सांगायचे आहे ते तिच्याविषयी.

पुस्तकाचे गणित मांडून पाहा. क्राउन आकाराचे १६० पृष्ठांचे पुस्तक, प्रती हजार. डबल क्राउनच्या एका तावात दोन्ही बाजू धरून ३२ पृष्ठे बसतात, म्हणजे प्रतीला पाच ताव, हजार प्रतींना १० रीम आणि वर मशीनवर फुकट जाणारा थोडा कागद. खिळ्यांच्या छपाईच्या काळात पुस्तकाच्या खर्चात कागदाचा वाटा मोठा असे, आणि तो खर्च सर्वांत आधी येई. जुळणावळ हप्त्याने देता येत होती, बांधणीवाला थांबत होता, लेखक तर सर्वांत शेवटी आणि पुष्कळदा कधीच नाही. विक्रेत्याकडून पैसे यायला वर्ष लागे. हस्तलिखित तारण ठेवून कर्ज देणारी बँक तेव्हा नव्हती, आताही नाही. मग मधले वर्ष कोण भरून काढत होते? कागदवाला. साठ दिवसांच्या मुदतीवर दिलेला माल तीनशे दिवसांनी फिटत होता, आणि या अंतरात मराठी पुस्तक छापून, बांधून, विकून होत होते. वाङ्मयाच्या इतिहासात प्रकाशकांचे ऋण मानतात, मुद्रकाचे नाव निदान शेवटच्या पानावर असते. कागदवाल्याचे कुठेच नसते.

दिवाळी अंकांचे तर सगळेच उधारीवर. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या व्यवहाराचा क्रम बदललेला नाही. कागद श्रावणात लागतो, मशीन नवरात्रात रात्रंदिवस चालते, अंक वसुबारसेला बाजारात येतो आणि जाहिरातींचे पैसे मार्गशीर्षात सुटतात, तेही सुटले तर. खतावणीत दिवाळी अंकांची खाती पाहताना मला एक सवय लागली. नावे बाजूला कागद, जमा बाजूला थोडे पैसे, पुढच्या वर्षी पुन्हा कागद. मग एका वर्षी कागदच नाही. अंक बंद पडल्याची बातमी वाचकांना कळायच्या आत या वहीला कळलेली असे.

कोणाला उधार द्यायचे याचे थोरल्यांचे नियम पक्के होते. पंचांगे, पोथ्या आणि शालेय गाईडे छापणाऱ्याला मागेल तितके. कादंबरीला विचार करून. कवितासंग्रहाला रोख. ते स्वतः कविता वाचत नसत असे नाही. वाचत, आणि म्हणूनच रोख मागत. धाकट्यांचा कल निराळा. साठच्या दशकात अनियतकालिके काढणारी मुले सायक्लोस्टाइलचा कागद न्यायला येत, दोन-दोन, तीन-तीन दस्ते. थोरले ती गिऱ्हाइके धाकट्यांकडे ढकलत. धाकटे त्यांना आधीच्या मालातला, कडा पिवळ्या पडलेला कागद निम्म्या दराने देत आणि लिहून ठेवत. त्यांतल्या बऱ्याच नोंदी आजही उघड्या आहेत. धाकट्यांनी त्यांवर कधी तिरकी रेघ मारली नाही, कारण तिरकी रेघ म्हणजे बाकी सोडली. पैसे मागायला मात्र कधी माणूस पाठवला नाही.

आता जे लिहितो ते छापावे की नाही यावर घरात चर्चा झाली. थोरल्यांच्या कन्येने छापा म्हणून सांगितले. १९७३-७४ च्या टंचाईत कागद बाजारातून नाहीसा झाला. विजेची कपात, कच्च्या मालाचे भाव, तेलाचे संकट, सगळे एकदम. पाठ्यपुस्तके आणि वह्यांसाठी सवलतीच्या दराचा पांढरा कागद गिरण्यांनी काढावा असे सरकारने ठरवले, आणि जिथे दोन दर आले तिथे तिसरा दर चोरपावलांनी येतोच. बिलावरचा भाव वेगळा आणि वरचे पैसे वेगळे. या पेढीनेही वरचे पैसे घेतले. त्या दोन वर्षांची एक वेगळी छोटी वही आहे, हिरव्या शाईतली. घेतले नसते तर मुंबईहून माल मिळाला नसता, कारण तिकडे वरचे पैसे द्यावे लागत होते, हे खरे. पण दिले त्यापेक्षा घेतले थोडे जास्त, हेही त्या वहीत दिसते. धाकट्यांनी त्याच टंचाईत शाळेच्या वह्यांचा भाव वाढवला नाही. दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली चालल्या.

भावांचे खरे वाजले ते पुढच्या दशकात, ऑफसेटवरून. खिळ्यांच्या छपाईला मऊ, थोडा फुगीर कागद लागतो; खिळा त्यात रुततो. ऑफसेटची शाई चिकट. तसला कागद तिच्याखाली घातला की पृष्ठभागाचे तंतू उपटून निघतात आणि ब्लँकेटवर रोवा जमतो. त्याला वरून खळ दिलेला, पक्क्या पृष्ठभागाचा मॅपलिथो हवा. धाकट्यांना हे लवकर दिसले. थोरल्यांनी वखारीत जुन्या पद्धतीचा कागद भरून ठेवला होता आणि छापखाने मशीन बदलायचे नाहीत अशी त्यांची खात्री होती. आम्ही बदलली. बदलली नाहीत ते बसले. धाकट्यांनी पलीकडचा गाळा भाड्याने घेऊन त्यात मॅपलिथो, आर्ट पेपर, ड्युप्लेक्स बोर्ड आणि संगणकाची छिद्रांची स्टेशनरी ठेवली. नंतर झेरॉक्सच्या दुकानांसाठी ए-फोर. थोरले ए-फोरला कागदाचा आकार मानतच नसत. काही वर्षे एकाच घरातली दोन दुकाने समोरासमोर होती आणि थोरल्यांच्या दुकानावर आमची कुठेही शाखा नाही अशी पाटी होती, जी पुण्यात विनोद म्हणून वाचतात. येथे ती रागाने लावली होती. दोघांच्या घरचे जेवण मात्र एकाच स्वयंपाकघरात होत असे.

जकात, एलबीटी, मग २०१७ चा जीएसटी, यांवर वेगळे लिहावे असे काही नाही. छापील पुस्तकावर कर नाही आणि ते ज्यावर छापायचे त्या कागदावर आहे, ही गंमत मात्र प्रत्येक प्रकाशक दर भेटीत एकदा तरी बोलून दाखवतो.

आज पेढी थोरल्यांची कन्या चालवते. धाकट्यांची मुले दुसऱ्या व्यवसायांत गेली. तिने दोन्ही गाळ्यांचे पुन्हा एक खाते केले, वखार पेठेतून उठवून शहराबाहेर नेली, आणि पहिले काम केले ते थोरल्यांचा उरलेला लेटरप्रेसचा कागद चित्रकारांना आणि बांधणी शिकणाऱ्या मुलांना विकून टाकण्याचे. त्याला चांगला भाव आला. २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा तिच्याकडे क्राफ्ट पेपर तयार होता. आता विक्रीचा मोठा भाग मिठाईच्या आणि केकच्या खोक्यांच्या बोर्डाचा, औषधांच्या पुठ्ठ्यांचा. हँडबिले गेली. लग्नपत्रिका मोबाइलवर जातात आणि देवापुढे ठेवायला म्हणून थोड्या छापतात. करोनाच्या काळात शाळा बंद झाल्या तशा वह्या पडून राहिल्या. त्यानंतर २०२१-२२ मध्ये रद्दीची आणि कंटेनरची टंचाई होऊन भाव असे चढले की सकाळचा दर संध्याकाळी देता येईना. तिने त्या वेळी वरचे पैसे घेतले नाहीत. घेता आलेच नसते, असे ती म्हणते. आता सगळे बिल संगणकातून निघते.

उधारी तिने जवळजवळ बंद केली आहे. बोर्डवाल्यांना तीस दिवस, झेरॉक्सवाल्यांना रोख, नव्या प्रकाशकाला आधी पैसे मग माल. वहीही नाही, थकबाकीचा संदेश गिऱ्हाइकाच्या फोनवर आपोआप जातो, आणि थोरले असते तर त्यांना ही सोय फार आवडली असती. अपवाद दिवाळी अंकांचा. त्यांना अजून श्रावणात कागद मिळतो, पण निम्मे पैसे आगाऊ द्यावे लागतात आणि उरलेल्यांची मुदत मार्गशीर्षापर्यंत नसते, भाऊबीजेपर्यंतच असते.